उभी काच

(घरात एखादी मोठी वस्तू आली की सगळ्यांना आनंद होतो. पण ती वस्तू दुकानातून घरापर्यंत नीट आणणे हेही एक काम आहे आणि ते शिकावे लागते. मालेगावच्या एका यंत्रमाग कामगाराच्या घरी मोठा टीव्ही आला. तो कसा आला, हे त्या घरातील नववीत शिकणाऱ्या मुलाने या पाठात सांगितले आहे.)

आमच्या घरी एक जुना टीव्ही होता. त्याची पुढची काच जाड होती आणि मागे मोठे पोट होते. पडदा मात्र लहान होता. दादीची नजर कमजोर आहे. त्यामुळे ती स्टूल घेऊन अगदी टीव्हीपुढे बसायची. मागे बसलेल्या आम्हां सगळ्यांना टीव्हीऐवजी दादीची पाठ दिसायची.

एके दिवशी तो टीव्ही बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडून पाहिला आणि मान हलवली. ‘‘याचे भाग आता मिळत नाहीत,’’ तो म्हणाला.

अब्बा लूमवर काम करतात. कारखान्यातल्या मित्रांबरोबर त्यांनी भिशी लावली होती. दर महिन्याला ते थोडेथोडे पैसे भरत. दीड वर्षाने त्यांचा नंबर लागला. पैसे हातात आले तेव्हा अब्बा म्हणाले, ‘‘या वेळी मोठा टीव्ही घेऊ. दादीला खाटेवर बसून दिसला पाहिजे.’’

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी अब्बा आणि भाईजान कॅम्प रस्त्यावरच्या एका दुकानात गेले आणि ५५ इंची टीव्ही पसंत करून आले. दुकानदार म्हणाला होता, ‘‘आमची गाडी दुरुस्तीला गेली आहे. आठ दिवस लागतील. तोपर्यंत थांबा, किंवा पुढच्या शुक्रवारी तुम्हीच गाडी घेऊन या.’’

भाईजान लगेच म्हणाला, ‘‘अब्बा, गाडीचे भाडे कशाला द्यायचे? मी मोटरसायकल चालवतो. मागे माझा दोस्त खोके धरून बसेल. तीन किलोमीटर तर रस्ता आहे!’’

अम्मी आणि आपा हसल्या. सगळे खूश होते. मी मात्र गप्प होतो. मला खालूंच्या टीव्हीची आठवण येत होती.

एका वर्षापूर्वी आमच्या खालूंनी असाच पातळ, मोठा टीव्ही घेतला होता. तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. मालाच्या रिक्षात खोके आडवे ठेवले होते. खालू चालकाजवळ बसले आणि मी मागे बसलो. घरी आल्यावर खोके पाहिले. कुठेही फाटले नव्हते, कुठेही चेपले नव्हते. पण टीव्ही लावला तेव्हा खालाच्या तोंडून हायच निघाली. पडद्याच्या एका कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पसरल्या होत्या. अर्धा पडदा काळा होता.

खालू धावत दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ‘‘आतला भाग आपोआप बिघडला तर कंपनी तो बदलून देते. पण काच फुटली तर ती वॉरंटीत बसत नाही.’’ नवा पडदा बसवायचा तर जवळजवळ नव्या टीव्हीएवढा खर्च होता. खालूंनी तो टीव्ही चादरीने झाकून ठेवला. अजूनही तो तसाच आहे.

त्या दिवसाची एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अब्बा मला घेऊन गल्लीच्या टोकाला गेले. तिथे काचवाल्या चाचांचे दुकान आहे. चाचा तीस वर्षांपासून खिडक्यांच्या आणि कपाटांच्या काचा कापून बसवतात. अब्बा म्हणाले, ‘‘चाचा, मोठा टीव्ही आणायचा आहे. कसा आणावा?’’

चाचांनी भिंतीकडे बोट दाखवले. तिथे लाकडी घोडीवर दहा-बारा मोठ्या काचा एकीला एक टेकून उभ्या होत्या.

‘‘बेटा,’’ चाचा मला म्हणाले, ‘‘माझ्या दुकानात एक तरी मोठी काच आडवी ठेवलेली दिसते का?’’

मी सगळीकडे पाहिले. एकही आडवी नव्हती.

‘‘का असेल बरे?’’

मला उत्तर आले नाही. चाचांनी माझ्या दप्तरातली प्लास्टिकची फूटपट्टी मागितली. त्यांनी तिचे एक टोक टेबलावर दाबून धरले. बाकीची पट्टी टेबलाबाहेर आडवी राहिली. मग बाहेरच्या टोकावर त्यांनी बोटाने हलकेच दाबले. पट्टी लगेच खाली वाकली. नंतर त्यांनी तीच पट्टी कडेवर उभी धरली आणि तेवढ्याच जोराने दाबले. आता पट्टी जराही वाकली नाही.

‘‘पट्टी तीच, बोट तेच. मग फरक कशामुळे पडला?’’ चाचांनी विचारले.

‘‘आडवी असताना ती वाकते, उभी असताना वाकत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘शाब्बास! काचेचेही तसेच आहे. मोठी काच आडवी धरली की स्वतःच्याच वजनाने मधोमध झोल खाते. त्यात रस्त्याचा खड्डा आला की ती खालीवर हलते. प्लास्टिक वाकते आणि पुन्हा सरळ होते. काच थोडीशी वाकते आणि मग तडकते. म्हणून काच नेहमी उभी न्यायची.’’

अब्बा म्हणाले, ‘‘पण चाचा, टीव्ही तर खोक्यात असतो. आत थर्मोकोल असतो.’’

‘‘थर्मोकोल कुठे असतो, ते पाहिले आहे का? तो कडांना असतो. मधोमध पोकळी असते. खोके उभे राहावे असे समजूनच तो लावलेला असतो. खोके आडवे केले की पडद्याच्या मधल्या भागाला खालून आधारच राहत नाही.’’

मग चाचांनी नव्या टीव्हीच्या पडद्याची माहिती सांगितली. जुन्या टीव्हीत काचेची मोठी नळी असे. तिच्यातली हवा काढून घेतलेली असे. बाहेरच्या हवेचा दाब सोसण्यासाठी तिची काच जाड ठेवावी लागे. आताच्या एल.ई.डी. टीव्हीत दोन पातळ काचा एकमेकींना चिकटून असतात. त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकाचा अगदी बारीक थर असतो. मागे दिवे असतात. ‘‘मी खिडकीला चार मिलिमीटर जाडीची काच बसवतो,’’ चाचा म्हणाले. ‘‘टीव्हीच्या पडद्याची प्रत्येक काच एक मिलिमीटरहूनही पातळ असते. आपल्याला सवय आहे जुन्या टीव्हीची. तो जड होता, पण त्याची काच दणकट होती. हा हलका आहे, पण नाजूक आहे.’’

‘‘आणि चाचा, कोणी खोक्यावर बसले तर?’’ मी हळूच विचारले.

‘‘आडव्या खोक्यावर? मग तर काचेचे काही खरे नाही. खोके पुन्हा फुगून सरळ होते. त्यामुळे वरून काही कळत नाही. काच मात्र आत तडकलेली असते.’’

माझ्या पोटात धस्स झाले. त्या दिवशी रिक्षात खालूंच्या टीव्हीच्या खोक्यावर मीच बसलो होतो.

घरी येताना अब्बांनी विचारले, ‘‘काय झाले? चेहरा का उतरला?’’ मी ‘काही नाही’ म्हणालो.

भाईजानचा मोटरसायकलचा बेत चाचांनी एका वाक्यात रद्द केला होता. ‘‘एवढे मोठे खोके म्हणजे होडीचे शीडच. वारा त्याला ढकलतो आणि गाडीचा तोल जातो. टीव्ही तर जाईलच, पण तुमचे हातपाय कोण परत आणून देणार?’’ रिक्षाही नको होती. प्रवासी रिक्षात खोके आत मावत नाही, बाहेर येते. छोटा हत्ती भाड्याने घ्यावा, असे ठरले.

त्यानंतर आम्ही मोजमापाला लागलो. ५५ इंच म्हणजे पडद्याची रुंदी नव्हे, हे मला तेव्हा कळले. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे ते अंतर असते. ते जवळजवळ १४० सेंटिमीटर भरते. पडद्याची रुंदी सुमारे १२२ आणि उंची सुमारे ६९ सेंटिमीटर असते. खोके त्याहून मोठे असते. भाईजानने दुकानात जाऊन खोक्याचे माप घेतले. ते १३८ सेंटिमीटर लांब, ८४ सेंटिमीटर उंच आणि १६ सेंटिमीटर जाड होते.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. आमचा जिना अरुंद आहे आणि मध्ये एक वळण आहे. आपाने शिलाईची टेप आणली आणि दार मोजले. दार ७६ सेंटिमीटर रुंद होते. खोके उभे, टोकाकडून आत न्यायचे तर हरकत नव्हती. जिन्याच्या वळणासाठी चाचांनी एक युक्ती सांगितली होती. मी १३८ सेंटिमीटर लांबीची एक काठी घेतली आणि ती आडवी धरून जिना चढलो. वळणावर काठीचे टोक दिव्याच्या होल्डरला लागले. काठीचे मागचे टोक थोडे वर उचलले, तेव्हा ती सुटली. ‘‘बघितले?’’ अब्बा म्हणाले. ‘‘काठी अडकली तर काही बिघडत नाही. टीव्ही अडकला असता तर?’’ त्यांनी तो दिवा काढून ठेवला.

शुक्रवार उजाडला. दुपारी आम्ही दुकानात पोहोचलो. अब्बांनी दुकानदाराला टीव्ही उघडून दाखवायला सांगितले. दुकानातल्या माणसाने खोके उघडले, टीव्ही टेबलावर उभा केला आणि सुरू करून दाखवला. पडदा स्वच्छ होता. मग त्याने तो पुन्हा थर्मोकोलमध्ये नीट बसवला. त्याने पडद्याला बोट लावले नाही. दोघांनी दोन्ही बाजूंनी खालची कड धरूनच टीव्ही उचलला. टीव्हीमागचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे आपाने पाहिले. पावती आणि वॉरंटीचे कार्ड तिने पिशवीत ठेवले.

अब्बांनी दुकानदाराला विचारले, ‘‘तुमच्या गाडीतून टीव्ही आला असता आणि फुटला असता, तर?’’

‘‘घरी पोहोचेपर्यंत जबाबदारी आमची असती,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘पण माल घेताना खोके नीट पाहायचे. कोपरा चेपला असेल, खोके ओले असेल किंवा भोक पडले असेल, तर सही करण्याआधी पावतीवर तसे लिहायचे. शक्य असेल तर फोटोही काढून ठेवायचा.’’

आपा म्हणाली, ‘‘आणि दुकानदाराने ऐकले नाही तर १९१५ या क्रमांकावर फोन करायचा. तो ग्राहकांच्या मदतीचा राष्ट्रीय क्रमांक आहे.’’ दुकानदार हसला. ‘‘तुमची मुलगी हुशार आहे,’’ तो अब्बांना म्हणाला.

खोक्यावर काही चित्रे छापलेली होती. मी ती वाचली. वर टोक असलेले दोन बाण म्हणजे ‘ही बाजू वर ठेवा’. पेल्याचे चित्र म्हणजे ‘आत नाजूक वस्तू आहे’. छत्रीचे चित्र म्हणजे ‘पाण्यापासून जपा’. ही चित्रे वाचायला कोणतीही भाषा यावी लागत नाही. मी मनात म्हणालो, ‘खालूंच्या खोक्यावरही हे बाण असतील. आम्ही कोणी पाहिलेच नाहीत.’

गाडीच्या मागच्या हौद्यात अब्बांनी आधी घडी घातलेली गोधडी अंथरली. केबिनच्या पाठीला एक जुनी गादी उभी लावली. मग अब्बा आणि भाईजान यांनी खोके उचलले. खोक्याला प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. भाईजान त्या धरायला गेला, तेव्हा अब्बा म्हणाले, ‘‘पट्टी नको. ती तुटते. एक हात खाली घाल.’’ दोघे कमरेत न वाकता गुडघ्यात वाकले आणि एकदम उठले. खोके बाण वर ठेवून, पडद्याची बाजू गादीकडे करून उभे केले. हौद्याची रुंदी १४३ सेंटिमीटर होती. पाच सेंटिमीटर जागा उरली. तिथे आम्ही जुन्या उशा कोंबल्या, म्हणजे खोके सरकणार नव्हते.

गाडीचा चालक दोरी घेऊन आला आणि खोक्याच्या मधोमध ती आवळू लागला. अब्बांनी त्याला थांबवले. ‘‘भाई, मध्ये पडदा आहे. तिथे दाब नको. दोन्ही टोकांजवळ बांधा आणि दोरीखाली ही चादर ठेवा. हलणार नाही इतकेच घट्ट करा.’’ खोक्यापुढे किंवा खोक्यावर दुसरे काहीही ठेवले नाही. आकाशात ढग होते, म्हणून वरून प्लास्टिकचा कागद घातला.

‘‘मी मागे बसून खोके धरतो,’’ मी म्हणालो.

‘‘नको,’’ अब्बा म्हणाले. ‘‘मालाच्या गाडीत मागे माणसाने बसायचे नसते. आणि नीट बांधलेले असेल, तर धरायला माणूस लागत नाही.’’

अब्बा चालकाजवळ बसले. त्यांनी त्याला आधीच सांगितले, ‘‘घाई नाही. पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल.’’ भाईजान आणि मी हेल्मेट घालून मोटरसायकलवर मागून निघालो. आपा रिक्षाने पुढे गेली. मोसम नदीच्या पुलावर गर्दी होती. एका गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबली आणि हळूच उतरली. आमची नजर दोरीवर होती. खोके जागचे हलले नाही.

आमची गल्ली अरुंद आहे. छोटा हत्ती आत येत नाही. कोपऱ्यापासून घरापर्यंत दोनशे पावले चालावे लागते. काचवाले चाचा दुकानासमोर उभेच होते. ते म्हणाले, ‘‘आता खरी परीक्षा! गाडीत वाचलेली काच मी किती वेळा दारात फुटलेली पाहिली आहे. घर दिसले की माणूस घाई करतो.’’

अब्बा आणि भाईजान खोके घेऊन निघाले. माझे काम पुढे चालण्याचे होते. मी मोठ्याने म्हणत होतो, ‘‘बाजूला व्हा, काच आहे! डावीकडे सायकल आहे! पुढे पाणी साचले आहे!’’ चेंडू खेळणारी मुले थांबली. जिन्याजवळ आलो, तर पायऱ्यांवर सगळ्यांच्या चपला पडलेल्या होत्या. मी त्या उचलून बाजूला ठेवल्या. आपाने वरून दाराचा पडदा गुंडाळला.

जिना चढताना भाईजान वरच्या बाजूला आणि अब्बा खालच्या बाजूला होते. जिन्यावर जास्त वजन खालच्या माणसावर येते. अब्बा रोज कापडाचे तागे उचलतात. प्रत्येक पायरीला भाईजान ‘‘एक’’, ‘‘दोन’’ म्हणत होता. वळणावर मी काठीची आठवण करून दिली. ‘‘अब्बा, मागचे टोक वर!’’ टोक वर गेले आणि खोके सुटले.

खोली आली. भाईजान दमला होता. तो खोके खाटेवर आडवे ठेवू लागला. तेवढ्यात दादी ओरडली, ‘‘अरे, त्याला झोपवू नका!’’ आम्ही हसलो. खोके कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे केले. दादी म्हणाली, ‘‘कसला पाहुणा हा! आल्यावर बसायला नाही की झोपायला नाही.’’

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने भिंत ठोकून पाहिली, छिद्रे पाडून लोखंडी चौकट घट्ट बसवली आणि टीव्ही तिच्यावर लावला. टीव्ही सुरू झाला. पडद्यावर एकही रेष नव्हती. अब्बांनी मोठा श्वास सोडला. दादी स्टुलावरून उठली आणि मागे खाटेवर जाऊन बसली. ‘‘इथून दिसते,’’ ती म्हणाली. ‘‘सगळे दिसते.’’ आम्ही खोके आणि थर्मोकोल टाकले नाहीत. कधी घर बदलले तर टीव्ही त्यातूनच न्यावा लागेल.

संध्याकाळी खाला आणि खालू टीव्ही पाहायला आले. खालू पडद्याकडे पाहून हसत होते, पण मला त्यांच्या घरची ती चादर दिसत होती. मला राहवले नाही. मी त्यांना गच्चीवर घेऊन गेलो.

‘‘खालू, तुमचा टीव्ही माझ्यामुळे फुटला. त्या दिवशी रिक्षात मी खोक्यावर बसलो होतो. मी कोणाला सांगितले नाही.’’

खालू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘बेटा, तू विसरलास. ‘खोके उडते आहे, त्याच्यावर बस’ असे मीच तुला सांगितले होते. वर्षभर मीसुद्धा हे कोणाला सांगितले नाही. मला वाटले, लोक हसतील.’’

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. एकच ओझे आम्ही दोघे वेगवेगळे वाहत होतो.

‘‘मला माहीत नव्हते आणि तुलाही माहीत नव्हते,’’ खालू म्हणाले. ‘‘पण विचारता आले असते. तुझ्या अब्बांनी विचारले. मी विचारले नाही.’’

आता खालूंनीही भिशी लावली आहे. त्यांचा नंबर पुढच्या वर्षी लागेल. त्यांच्या टीव्हीसाठी जिना मोजायला नवी काठी लागेल. ती मीच कापून नेणार आहे.

शब्दार्थ

यंत्रमाग – विजेवर चालणारा माग, लूम
भिशी – अनेकांनी दरमहा सारखे पैसे जमवून पाळीपाळीने घेण्याची पद्धत
खोके – पुठ्ठ्याची किंवा लाकडाची पेटी
झोल खाणे – मधोमध खाली वाकणे
तडकणे – चीर पडणे
द्रवस्फटिक – टीव्हीच्या पडद्यात वापरतात तो विशेष पदार्थ
शीड – होडीला वाऱ्याने गती मिळावी म्हणून लावलेले मोठे कापड
हौदा – मालगाडीचा माल ठेवण्याचा मागचा उघडा भाग
गतिरोधक – गाडीचा वेग कमी करण्यासाठी रस्त्यावर केलेला उंचवटा
तागा – कापडाची लांब गुंडाळी

वाक्प्रचार

मान हलवणे – नकार देणे
पोटात धस्स होणे – एकदम भीती वाटणे
चेहरा उतरणे – उदास होणे
राहवत नसणे – गप्प बसणे अशक्य होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) दादी टीव्हीच्या अगदी जवळ का बसत असे?
(२) अब्बांना टीव्हीसाठी पैसे कोठून मिळाले?
(३) ५५ इंच हे पडद्याचे कोणते माप आहे?
(४) खोक्यावरील छत्रीच्या चित्राचा अर्थ काय?
(५) ग्राहकांच्या मदतीचा राष्ट्रीय क्रमांक कोणता?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) काचवाल्या चाचांनी फूटपट्टी घेऊन काय दाखवले?
(२) जुन्या टीव्हीची काच आणि नव्या टीव्हीची काच यांत कोणता फरक आहे?
(३) मोटरसायकलवरून टीव्ही आणणे धोक्याचे का आहे?
(४) गाडीत टीव्ही ठेवताना अब्बांनी कोणकोणती काळजी घेतली?
(५) ‘एकच ओझे आम्ही दोघे वेगवेगळे वाहत होतो,’ असे मुलाला का वाटले?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले ते लिहा.
(१) ‘‘पट्टी नको. ती तुटते.’’
(२) ‘‘अरे, त्याला झोपवू नका!’’
(३) ‘‘पण विचारता आले असते.’’

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(उभी, गुडघ्यात, कडांना, खालच्या)
(१) मोठी काच नेहमी …… न्यावी.
(२) खोक्यात थर्मोकोल …… असतो.
(३) वजन उचलताना …… वाकावे.
(४) जिन्यावर जास्त वजन …… माणसावर येते.

प्र. ५. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
वजन, नाजूक, जबाबदारी, परदा–पडदा, पसंत

प्र. ६. वचन बदला.
काच, खोके, काठी, पायरी, दिवा

उपक्रम
(१) आपल्या घराचे दार आणि जिना मोजा. १३८ सेंटिमीटर लांबीची वस्तू आत नेता येईल का, ते काठीने पाहा.
(२) दुकानातील वेगवेगळ्या खोक्यांवरील चित्रे वहीत काढा आणि प्रत्येकाचा अर्थ मराठीत लिहा.